पाणी किती चढलं आणि वेळ किती उरला

जुलै लागला की कोल्हापुरात फोनवर एक ठरलेला मेसेज यायला लागतो. राजाराम बंधारा पाणी पातळी अमुक फूट अमुक इंच, पाण्याखाली गेलेले बंधारे इतके, राधानगरी धरणाचे या-या नंबरचे दरवाजे खुले, विसर्ग इतका क्युसेक. सुतारवाड्यात किंवा शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत ज्यांचं घर आहे, त्यांना हा मेसेज समजावून सांगावा लागत नाही. या बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी ३९ फूट म्हणजे इशारा पातळी, ४३ फूट म्हणजे धोका पातळी, हे त्यांना पाठ असतं. पण मेसेज पुढे ढकलणाऱ्या बाकीच्यांना हा आकडा कुठून येतो, तो पुढे कुठे जातो आणि त्यातून आपण काय काढायचं असतं, हे कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून हे लिहितोय.

आपत्तीवर रोज नजर ठेवणं म्हणजे भविष्य सांगणं, असं आपण धरून चालतो. मग पाऊस पडला नाही की हवामान खात्याला नावं ठेवतो. खरं तर या सगळ्या खटाटोपातून आपल्या पदरात पडतो तो वेळ. चक्रीवादळात तो तीन-चार दिवसांचा असतो. पंचगंगेच्या पुरात काही तासांचा, कधी दिवस-दोन दिवसांचा. विजेच्या बाबतीत मिनिटांचा. वणव्यात बहुतेक वेळा तो मिळतच नाही, कारण उपग्रहाला आग दिसते ती लागल्यावर. कुठलं संकट आपल्याला किती वेळ देतं, एवढं डोक्यात पक्कं बसलं की बातम्यांमधले रंग आणि आकडे आपोआप उलगडायला लागतात.

सुरुवात पावसापासून करू. पावसाचा दिवस सकाळी साडेआठला सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी साडेआठला संपतो. केरळपासून आसामपर्यंत सगळीकडे हीच वेळ. म्हणून 'गेल्या २४ तासांत' असं बातमीत आलं की ते साडेआठ ते साडेआठ असं वाचायचं. साधा पर्जन्यमापक तुम्ही तहसील कचेरीच्या आवारात किंवा कृषी केंद्रात पाहिला असेल. वर नरसाळं, आत बाटली आणि सोबत रेघा मारलेलं काचेचं मोजपात्र. माणूस बाटली काढतो, पाणी मोजपात्रात ओततो, डोळा पाण्याच्या रेषेला आणून आकडा वाचतो आणि वहीत लिहितो. आता महसूल मंडळांमध्ये स्वयंचलित यंत्रं बसली आहेत, पण तत्त्व तेच: पडलेलं पाणी वाहून गेलं नसतं तर जमिनीवर किती मिलिमीटर उभं राहिलं असतं.

हे मिलिमीटर डोळ्यांसमोर येत नाहीत, म्हणून आपल्या मापात सांगतो. एका गुंठ्यावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं सुमारे १० हजार लिटर. म्हणजे एक मोठा टँकर. एकराला असे ४० टँकर. आता गगनबावड्याच्या डोंगरावर एका रात्रीत २०० मिलिमीटर झाला असं वाचलं की डोंगराच्या प्रत्येक गुंठ्यावर दोन-दोन टँकर ओतल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. ते सगळं पाणी कुंभी, कासारी, तुळशी आणि भोगावतीतून चिखलीच्या प्रयाग संगमाकडेच येणार असतं.

हवामान खात्याची पावसाची भाषा नेमकी आहे. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरपासून मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.४ च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. पंचनाम्याच्या वेळी मंडळात ६५ मिलिमीटरची अतिवृष्टी झाली की नाही यावर वाद होतात, ती रेषाही इथलीच. अंदाज बांधायला लागणारी बाकीची माहिती वरून येते. पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला देशात ठिकठिकाणाहून फुगे सोडतात, ते वर जाताना तापमान, आर्द्रता आणि वारा कळवत जातात. इन्सॅट मालिकेतले उपग्रह ढगांचे फोटो पाठवत राहतात, त्यातला इन्सॅट-३डीएस २०२४ च्या फेब्रुवारीत अवकाशात गेला. किनाऱ्यावरची डॉपलर रडार ढगात पाणी किती आहे आणि ते कुठे सरकतंय हे पाहतात.

मग येतात रंग. हिरवा म्हणजे काही करायची गरज नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. नारिंगी म्हणजे तयारी करा. लाल म्हणजे हालचाल करा. रंग म्हणजे पावसाचे गुण नव्हेत, आपण काय करायचं त्याच्या या पायऱ्या आहेत. इथे आपल्या जिल्ह्याची एक मोठी अडचण आहे आणि ती समजून न घेतल्यामुळे दरवर्षी गैरसमज होतात. इशारा निघतो जिल्ह्यावर, आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या एका टोकाला गगनबावडा आहे आणि दुसऱ्या टोकाला शिरोळ. एकीकडे सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळणारा पाऊस, दुसरीकडे पर्जन्यछायेतला कोरडा पट्टा. म्हणून हवामान खातं बऱ्याचदा 'कोल्हापूर घाट' असा वेगळा उल्लेख करून इशारा देतं. तो शब्द वाचायचा राहिला की जयसिंगपुरात ऊन पडलेलं बघून माणूस म्हणतो, कसला रेड अलर्ट आणि कसलं काय. आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याच उन्हात नृसिंहवाडीला पाणी देवळात शिरतं. शिरोळ तालुक्याचा पूर हा असा दुसऱ्याच्या पावसाचा असतो. पंचगंगा आणि कृष्णा दोघींचं पाणी तिथे एकत्र येतं. पंचगंगेकडून राधानगरी, कृष्णेकडून कोयना आणि वारणा, एवढ्या धरणांचे विसर्ग त्या एका तालुक्याच्या नशिबात एकत्र होतात, आणि नदीच्या खालच्या अंगाला कर्नाटकात अलमट्टी धरण आहे. अलमट्टीच्या उंचीवरून दोन राज्यांत वाद आहेत, पण पावसाळ्यात दोन्हीकडच्या अभियंत्यांनी एकमेकांना रोज आकडे देत राहणं, हे शिरोळच्या माणसासाठी त्या वादापेक्षा जास्त तातडीचं आहे असं मला मनापासून वाटतं.

आता क्युसेक आणि टीएमसी. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, दोन घागरींच्या आसपास. राधानगरीचा एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १,४२८ क्युसेक पाणी सुटतं. म्हणजे दर सेकंदाला ४० हजार लिटर, चार टँकर. असे सात दरवाजे आहेत. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हे मोठं माप धरणातल्या साठ्याचं. दोन्हींची सांगड घालायची असेल तर एक आकडा लक्षात ठेवा: साडेअकरा हजार क्युसेक सलग २४ तास वाहिले की एक टीएमसी होतं. शाहू महाराजांनी पाया घातलेल्या राधानगरी धरणाची क्षमता साधारण ८.३६ टीएमसी. कोयना शंभराच्या वर. म्हणून कोयनेतून विसर्ग वाढवला ही बातमी सांगली आणि शिरोळला वेगळ्याच कानांनी ऐकली जाते.

राधानगरीच्या दरवाज्यांची खासियत म्हणजे ते माणसाच्या हुकमानं उघडत नाहीत. पाणी ठरावीक पातळीला आलं की स्वतः उघडतात, उतरलं की मिटतात. त्यामुळे 'दरवाजे का उघडले' या प्रश्नाला अर्थ नाही. धरण भरत आलं आणि घाटात पाऊस चालू आहे, हे दिसलं की दरवाजे उघडणार हे धरूनच चालायचं.

बंधाऱ्यांचंही तसंच. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांचे बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, पावसाळ्याआधी काढून ठेवतात, त्यामुळे पाणी अडत नाही. तरीही नदी वाढत गेली की एकेक बंधारा पाण्याखाली जातो आणि त्यावरून जाणारी गावाची वाट बंद होते. पाण्याखालच्या बंधाऱ्यांची संख्या हे पुराचं सगळ्यात पहिलं लक्षण. नदी अजून पात्रात असते, मेसेजमधला फुटाचा आकडा अजून काळजीचा वाटत नसतो, पण कुठल्या तरी गावची दुधाची गाडी पाच किलोमीटरचा वळसा घालून यायला लागलेली असते.

आता राजाराम बंधाऱ्याच्या आकड्याकडे येऊ. समजा सकाळी सहाला पाणी ३७ फुटांवर आहे. नुसत्या या आकड्यानं काही कळत नाही. आठला ३७ फूट ४ इंच झालं, म्हणजे तासाला दोन इंच. ३९ ला पोचायला २४ इंच बाकी होते, म्हणजे सकाळपासून बारा तास. संध्याकाळी सहाला इशारा पातळी. याच गतीनं चाललं तर तिथून धोका पातळी आणखी एक दिवस लांब. आता यात घाटातला पाऊस आणि राधानगरीचे दरवाजे मिळवा. पाऊस थांबला असेल तर गती कमी होईल, आणखी दोन दरवाजे उघडले असतील तर वाढेल, पण ते पाणी इथे पोचायला काही तास जातील. एवढं गणित चौथीतलं पोरगं करू शकतं. आकडा बघायचा असतो तो दोन आकड्यांमधल्या फरकासाठी. केंद्रीय जल आयोग देशभरातल्या मोठ्या नद्यांवर हेच काम करतो. वरच्या ठिकाणी पाणी चढलं की खालच्या ठिकाणी किती तासांनी किती चढेल, याचा अंदाज तो देतो. १९५८ मध्ये दिल्लीच्या यमुनेपासून हे काम सुरू झालं.

आयोगाच्या भाषेत पुराची सगळ्यात वरची पायरी कुठली, हे फार बोलकं आहे. इशारा पातळीच्या वर एक पायरी, धोका पातळीच्या वर दुसरी, आणि आजवरची सर्वोच्च पातळी ओलांडली की शेवटची. म्हणजे त्या नदीनं आजवर जे दाखवलं होतं त्याच्या पलीकडे पाणी गेलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या मामांच्या चिखलीतल्या घरात हेच घडलं. मामांच्या सोप्याच्या भिंतीवर २००५ च्या पुराची चुन्यानं ओढलेली रेघ होती. आम्ही लहान असल्यापासून त्या रेघेला हात लावून बघायचो. पाणी अंगणाला लागलं तेव्हा मी फोनवर म्हटलं, मामा, म्हशी सोनतळीला न्या. ते म्हणाले, "अरे, पाच सालाला हितंवर आलतं. ह्याच्या वर न्हाई येत पाणी. आम्ही काय पहिल्यांदा बघतोय व्हय?" त्यांनी धान्याची पोती रेघेच्या वर, माळ्यावर चढवली आणि निवांत बसले. चुकीचं काहीच केलं नव्हतं, त्यांच्याजवळ जे माप होतं त्यानुसार तयारी केली होती. पण त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. रेघ कधी बुडाली हे अंधारात कळलंही नाही. मामा-मामी होडीतून बाहेर आले. दोन म्हशी दाव्याला तशाच राहिल्या. त्या दाव्याची गाठ वेळेवर सोडली नाही, हे मामांच्या मनातून आजही गेलेलं नाही. आणि २०२१ च्या जुलैत पाणी त्याच्याही वर, ५६ फुटांच्या पुढे गेलं.

जुन्या माणसांचा अनुभव मोलाचा असतो, पण तो झालेल्या पुराचा असतो. होणाऱ्या पुराचं माप घाटातल्या पर्जन्यमापकात आणि बंधाऱ्यावरच्या पट्टीवर असतं.

बाकीच्या संकटांचा हिशेब याच चालीनं पाहता येतो. चक्रीवादळात आपण देश म्हणून खूप पुढे आलो आहोत. १९९९ च्या ओडिशातल्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१९ मध्ये फानी वादळ त्याच किनाऱ्यावर आलं, तेव्हा बारा लाखांच्या आसपास लोकांना आधीच हलवलं होतं आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. वादळाचा जोर फार कमी होता असं नाही. तीन दिवस आधीपासून टप्प्याटप्प्यानं इशारे येत गेले आणि निवारे तयार होते.

विजेचं उलट. देशात दरवर्षी दोन हजारांहून जास्त माणसं वीज पडून मरतात, बहुतेक शेतात काम करणारी. आपल्याकडे हा धोका पुराच्या दिवसांपेक्षा एप्रिल-मेच्या वळवात जास्त. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप आपल्या आसपासच्या टापूत वीज पडतेय का ते दाखवतं. हातात मिळतात ती थोडीच मिनिटं. तेवढ्यात झाडाखालून निघायचं आणि पक्क्या छताखाली किंवा बंद गाडीत जायचं. ॲप नसलं तरी लखलखाट आणि गडगडाट यांच्यातले सेकंद मोजा. तीन सेकंदांना एक किलोमीटर. अंतर कमी व्हायला लागलं की काम तिथेच टाकायचं, वैरणीचा भारा भिजला तर भिजू दे.

दरडीचं सगळ्यात अवघड. पाऊस किती पडला की कुठल्या तालुक्यात दरड कोसळण्याची शक्यता वाढते, एवढं सांगता येतं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं त्यासाठी २०२४ मध्ये कोलकात्याला राष्ट्रीय केंद्र सुरू केलं. पण नेमका कुठला कडा कधी सुटेल ते सांगता येत नाही. ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीण गाव डोंगराखाली गेलं, ते पहिल्यांदा लक्षात आलं एका एसटी चालकाच्या. गाडी घेऊन आला तर गावच जागेवर नव्हतं. दीडशेच्या आसपास माणसं गेली. पुढे २०२१ मध्ये तळीये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. म्हणून डोंगराच्या कुशीत राहणाऱ्यांनी स्वतःच पाहायच्या गोष्टी आहेत: जमिनीला पडलेल्या नव्या भेगा, कललेले विजेचे खांब, दाराचौकटीत अचानक अडकायला लागलेलं दार, ओढ्याचं पाणी एकाएकी गढूळ होणं किंवा भर पावसात आटणं. यातलं एक जरी दिसलं तरी सरकारी इशाऱ्याची वाट बघू नये.

आणि वणवा. पावसाळ्यात हिरवागार दिसणारा सह्याद्री फेब्रुवारीनंतर वाळल्या गवताचा होतो. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था उपग्रहांवरून उष्णतेचे ठिपके शोधते आणि त्या-त्या वनविभागाला मेसेज पाठवते. नावनोंदणी केली तर सामान्य माणसालाही तो मिळतो. उपग्रहाच्या चित्रातला एक चौकोन ३७५ मीटर लांब-रुंद, म्हणजे सुमारे ३५ एकर. ह्या ३५ एकरांत कुठेतरी जाळ आहे, एवढं तो सांगतो. हा उपग्रह साधारण दुपारी दीडला आणि रात्री दीडला डोक्यावरून जातो, आणि मधल्या वेळात अख्खी टेकडी काळी होऊ शकते. शेवटी वनरक्षक आणि वनमजूर ओल्या डहाळ्या आणि ब्लोअर घेऊन धावतात. उन्हाळ्याआधी काढलेल्या जाळरेषा, म्हणजे गवत आधीच काढून मोकळे केलेले पट्टे, असल्या तर आग तिथे थांबते. आपल्याकडचे वणवे बहुतेक माणसानंच लावलेले असतात. गवत जाळलं की पुढच्या वर्षी दाट येतं, हा समज अजून गेलेला नाही. त्यात जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची अंडी जळतात, रोपं जळतात आणि उघड्या पडलेल्या उतारावरची माती पहिल्या पावसात थेट नदीत येते. पात्र गाळानं भरतं. म्हणजे मार्चमधला वणवाही जुलैच्या पुरात थोडी भर घालतो.

हे सगळे आकडे वर कसे जातात? गावात तलाठी, ग्रामसेवक, पोलीस पाटील. तिथून तहसीलदार, तिथून जिल्हाधिकारी कार्यालयातला नियंत्रण कक्ष, मग मंत्रालय आणि दिल्लीत गृह मंत्रालयाचं केंद्र. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानं जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर टाकली, त्याच कायद्यातून राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, म्हणजे एनडीआरएफ, उभं राहिलं. आपल्यासाठीची तुकडी पुण्याजवळच्या पाचव्या बटालियनमधून येते. २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्गच पाण्याखाली गेला आणि काही दिवस बंद राहिला. मदत येणार त्या रस्त्यानंच वाट अडवली, तर बोटी पुण्यात असून उपयोग काय? म्हणून आता तुकडी पावसाळ्यात आधीच इथे आणून ठेवतात. इशारे खाली येण्याची वाटही आता सुधारली आहे. 'सचेत' या व्यवस्थेतून ठरावीक भागातल्या मोबाइलवर थेट मेसेज जातो. २०२३ मध्ये एकदा सगळ्यांचे फोन मोठ्यानं कोकलले होते, ती त्याच्याच एका नव्या पद्धतीची चाचणी. जिल्हा नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७, राज्याचा १०७०, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

तरीही एक दुवा या साखळीत कुणी वरून जोडून देऊ शकत नाही: बंधाऱ्यावरच्या फुटांचं तुमच्या उंबऱ्याशी नातं. राजाराम बंधाऱ्यावर ४३ असताना पाणी तुमच्या गल्लीत कुठे असतं? ४७ ला कुठे? हे मुंबईला माहीत नसतं, कलेक्टर कचेरीलाही घराघराचं माहीत नसतं.

मामांनी २०२१ नंतर सोप्याची भिंत नव्यानं रंगवली. चुन्याची रेघ गेली. तिच्या जागी आता ऑइलपेंटनं काढलेल्या पाच रेघा आहेत आणि प्रत्येकीपुढे मेसेजमधला आकडा आहे. कुठल्या आकड्याला गोठ्याची पायरी बुडते, कुठल्या आकड्याला दावण, कुठल्या आकड्याला चुलीचा ओटा. सगळ्यात खाली, पाणी दाराशी यायच्या कितीतरी आधीच्या आकड्यापुढे, नातवाकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय: 'जनावरं सोडा'. २०२४ च्या जुलैत पंचगंगेनं पुन्हा धोका पातळी ओलांडली. मी सकाळी काळजीनं फोन केला तर मागून म्हशींच्या घंटा ऐकू येत होत्या. मामा म्हणाले, "सोनतळीला हाय आम्ही कालपासनं. पेंड तेवढी घिऊन ये येताना."